सल्ला : लावणीच्या दिवसांत तांबी (कॉपर-टी) बसवून घ्यावी का?

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, मी २७ वर्षांची असून दापोली तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात राहते. मला दोन मुली आहेत. मोठी चार वर्षांची आहे आणि धाकटी सात महिन्यांची. यजमान मुंबईला नोकरी करतात. शिमगा, मे महिना आणि गणपती अशा वेळी घरी येतात. मोठी मुलगी झाल्यावर मी गोळ्या घेतल्या होत्या, पण मळमळ आणि डोकेदुखी फार झाली, म्हणून आता हॉर्मोनचे काही नको आहे. निरोध यजमानांना आवडत नाही. आशाताई तांबी बसवून घे म्हणतात. सासूबाई म्हणतात की तांबी वर चढते, अंगावरून फार जाते आणि पुढे मूल राहत नाही. त्यांना नातू हवा आहे. मला मात्र तीन वर्षे तरी काही नको. आमच्या वाडीतल्या एका बाईला तांबी असतानाच दिवस राहिले, त्यामुळे भीती वाटते. माझे हिमोग्लोबिन ९.४ आहे. धाकटी अंगावर पिते, पाचव्या महिन्यापासून तिला नाचणीचे सत्त्वही भरवते. बाळंतपणानंतर पाळी अजून आलेली नाही. सध्या लावणी चालू आहे, दिवसभर वाकून काम असते. त्याने तांबी सरकेल का? घरी न सांगता बसवली तर चालेल का? यजमान गणपतीला येण्यापूर्वी काय ते ठरवायचे आहे.

उत्तर :

प्रिय भगिनी, सप्रेम नमस्कार.

तांबीचा विचार करण्यापूर्वी एक काम उद्याच करून घ्या आणि ते म्हणजे लघवीची गर्भचाचणी. अंगावर पाजत असेपर्यंत दिवस राहत नाहीत, हा समज आपल्याकडे घट्ट आहे आणि तो अर्धाच खरा आहे. मूल सहा महिन्यांच्या आतले असावे, ते दिवसरात्र केवळ आईच्या दुधावर असावे आणि पाळी परत सुरू झालेली नसावी, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तेव्हाच स्तनपानाचा चांगला आधार मिळतो. त्यांतली एक जरी सुटली तरी तो आधार भरवशाचा राहत नाही. यजमान मे महिन्यात घरी होते आणि त्याच सुमारास तुम्ही मुलीला सत्त्व भरवू लागला होतात. बाळंतपणानंतरची पहिली पाळी येण्याच्या आधीच बीज सुटू शकते, म्हणून पाळी न येताही दिवस राहू शकतात. ‘निश्चय’ या नावाचे चाचणीचे संच आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मिळतात, त्यांचे पैसे पडत नाहीत, आणि आता पुरेसे दिवस उलटून गेले असल्यामुळे चाचणीचे उत्तर विश्वासार्ह येईल. चाचणी होकारार्थी आलीच, तर तांबीचा विषय तूर्त बाजूला ठेवावा लागेल आणि आधी डॉक्टरांना भेटावे लागेल. गर्भ ठेवायचा की नाही, याचा निर्णय तुमचा आहे. नको असल्यास कायद्याच्या चौकटीत आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या हातून तो काढून घेण्याची सोय आहे, त्यासाठी गावठी औषधांच्या किंवा दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नका.

चाचणी नकारार्थी आली, असे धरून पुढे लिहिते.

माझे मत आधीच स्पष्ट सांगते. तपासणीत काही अडचण आढळली नाही, तर तांबी तुमच्यासाठी योग्य साधन आहे. तुम्हाला मूल कायमचे नको आहे असे नाही, पण तीन वर्षे नको आहे. हॉर्मोन सोसत नाहीत. आणि यजमान वर्षातून तीन-चार वेळा, कधी कधी रजा मिळाली म्हणून अचानकही घरी येणारे आहेत. वर्षभर रोज गोळी घ्यायची आणि तिचा उपयोग मोजक्या दिवसांपुरता व्हायचा, हे चाकरमान्यांच्या बायकांना व्यवहारात जमत नाही, हे मी या किनाऱ्यावर इतकी वर्षे पाहत आले आहे. गणपतीच्या आठ दिवस आधी गोळ्या सुरू करून भागेल असे समजून फसलेल्या स्त्रियाही मार्गशीर्षात माझ्यासमोर येऊन बसलेल्या आहेत. तांबी एकदा बसली की रोज काही आठवावे लागत नाही, आणि ज्या दिवशी मूल हवेसे वाटेल त्या दिवशी ती काढून टाकता येते.

आता ती करते काय, हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या बहुतेक भीतीचे उत्तर त्यातच आहे. तांबी म्हणजे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, सुमारे साडेतीन सेंटीमीटर लांबीची, मऊ प्लास्टिकची पट्टी असते. तिच्या दांड्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते आणि सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ‘३८० ए’ या प्रकारात आडव्या हातांवरही तांब्याच्या पट्ट्या असतात. हा टी आकार अमेरिकेतील डॉक्टर हॉवर्ड टाटम यांनी तयार केला, आणि तांबे गर्भाशयात ठेवल्यास गर्भधारणा टळते हे चिली देशातील डॉक्टर हाइमे सिपर यांनी १९६९ च्या सुमारास दाखवून दिले. तांब्याचे अतिसूक्ष्म कण गर्भाशयातील स्रावांत मिसळत राहतात. ते पुरुषबीजाला मारक असतात, त्याची हालचाल मंदावते आणि स्त्रीबीजापर्यंत पोहोचून फलन होण्याचे बहुधा राहूनच जाते. यात कोणताही हॉर्मोन नाही. हे सारे गर्भाशयाच्या आतच घडते. तुमच्या दुधावर, मनःस्थितीवर किंवा वजनावर त्याचा परिणाम होत नाही. दर महिन्याला गर्भ राहतो आणि तांबी तो पाडते, असे कोणी सांगितले तर ते खरे नाही.

वाडीतल्या ज्या बाईंचे उदाहरण तुम्ही दिले आहे, ते खोटे असण्याचे कारण नाही. तांबी वापरणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी पहिल्या वर्षात एकीपेक्षाही कमी जणींना दिवस राहतात. हे प्रमाण फार थोडे आहे, पण ते शून्य नाही, आणि जिच्या बाबतीत घडते तिच्यासाठी ते पूर्ण असते. शिवाय अशा अनेक प्रसंगांत तांबी आत असतेच असे नाही. ती पाळीच्या रक्ताबरोबर केव्हाच निसटून गेलेली असते आणि बाईला त्याचा पत्ता नसतो. पहिल्या वर्षात साधारण शंभरातील दोन ते दहा जणींची तांबी अशी बाहेर येते, आणि त्यातल्या बऱ्याच पहिल्या तीन महिन्यांत येतात. म्हणून दोऱ्याची तपासणी शिकून घेणे हा या साधनाचा अर्धा भाग आहे, असे मी मानते. तांबीच्या टोकाला नायलॉनसारखे दोन बारीक दोरे असतात आणि ते गर्भाशयाच्या मुखातून थोडेसे बाहेर आलेले असतात. दर पाळी संपल्यावर हात साबणाने स्वच्छ धुऊन, उकिडवे बसून, मधले बोट योनीमार्गात घालून ते दोरे चाचपावेत. दोरे हाताला लागले की काम झाले; ते ओढायचे मात्र नाहीत. दोरे लागेनासे झाले, एकदम लांब वाटू लागले किंवा प्लास्टिकचे कडक टोक बोटाला लागले, तर डॉक्टरांनी पाहीपर्यंत आपल्याला संरक्षण नाही असे समजून चालावे.

तांबी असताना पाळी चुकली, तर वाट पाहत बसू नका. तांबी असताना गर्भ राहण्याचा संभव मुळातच कमी असल्यामुळे बीजनळीत गर्भ राहण्याचा एकूण धोकाही कमीच होतो. पण राहिलाच, तर तो गर्भाशयाऐवजी नळीत असण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते, आणि नळी फुटली तर ते जिवावर बेतते. पाळी चुकणे आणि ओटीपोटात एका बाजूला दुखणे, चक्कर येणे अशी लक्षणे एकत्र दिसली, तर घाटातला पाऊस आणि रात्रीची वेळ यांचा विचार न करता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

सासूबाई म्हणतात की तांबी वर चढते. छातीपर्यंत किंवा काळजापर्यंत जाण्याची वाट शरीरात नाही. गर्भाशय ही जाड स्नायूंची, आतून बंद अशी पिशवी आहे. मात्र त्यांच्या भीतीला अजिबात आधार नाही, असे मी म्हणणार नाही. हजारात एखाद्या स्त्रीच्या बाबतीत, बहुधा बसवतानाच, गर्भाशयाच्या भिंतीला छिद्र पडते आणि तांबी पोटाच्या पोकळीत जाते. तशी ती गेल्यास दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढावी लागते. अंगावर पाजणाऱ्या आणि बाळंतपणाला अजून वर्ष न झालेल्या स्त्रीचे गर्भाशय मऊ असल्यामुळे हा धोका तिच्यात काहीसा जास्त असतो, आणि तुम्ही नेमक्या त्या गटात आहात. तरीही तो इतका थोडा आहे की त्यासाठी तांबी टाळावी असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही. परंतु ती बसवणारा हात सरावलेला असावा, एवढा आग्रह तुम्ही जरूर धरावा. तांबी बसवण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या नर्सबाई उपकेंद्रातही हे काम उत्तम करतात. तरी तुमच्या बाबतीत, अंगावर पाजणे आणि कमी हिमोग्लोबिन या दोन्ही गोष्टी असल्यामुळे, दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्री डॉक्टर असतील तेथे जावे, असे मला वाटते.

आता हिमोग्लोबिनविषयी. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि तांबी बसवा किंवा बसवू नका, तिच्याकडे लक्ष द्यावेच लागणार आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून अधिक असावे. ८ ते १०.९ या दरम्यान असेल तर त्याला मध्यम रक्तक्षय म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. म्हणजे तुम्ही एकट्या नाही. पण सगळ्यांचेच कमी असते म्हणून माझेही असू दे, ही समजूत मला फार अस्वस्थ करते. दोन बाळंतपणे, पाजणे आणि चिखलात दिवसभर उभे राहून करायची लावणी हे सारे तुमचे शरीर कमी रक्तावर ओढत आहे. तांबीने पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्तस्राव वाढतो, पाळी एक-दोन दिवस लांबते आणि पोटात कळा येतात. बहुतेकींना त्यानंतर बरे वाटते, काहींना मात्र पाळी आधीपेक्षा जड राहते. सध्या तुमची पाळी आलेली नाही, हे या बाबतीत सोयीचे आहे, कारण तुमच्या हाती रक्त भरून काढायला थोडा वेळ आहे.

रक्तक्षय असणे म्हणजे तांबीला मनाई नाही. लोहाच्या गोळ्या चालू ठेवून आणि रक्त तपासत राहून ती वापरता येते. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक लोहाची गोळी घ्यायची असते; तुम्ही ती पूर्ण घेतली होती का, हे स्वतःला विचारा. आता उपचार म्हणून मात्रा वाढवावी लागेल, बहुधा रोज दोन गोळ्या, पण ती डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. गोळी चहाबरोबर किंवा चहाच्या आगेमागे घेऊ नये, कारण चहाने लोह शरीरात नीट शिरत नाही, आणि आपल्याकडे शेतावर जेवणानंतर चहा हा असतोच. लिंबाच्या पाण्याबरोबर किंवा पेरूबरोबर घेतल्यास ती अधिक लागू पडते. शौच काळसर होते, त्याला घाबरू नये. खाण्यात कुळथाचे पिठले, नाचणी आणि पालेभाजी असावी. मासे खात असाल तर तिसऱ्या, म्हणजे ज्यांना आपल्याकडे काही ठिकाणी मुळे किंवा शिंपल्या म्हणतात त्यांच्या जातीचे खाडीतले शिंपले, हा लोहाचा फार चांगला साठा आहे. पावसाळ्यात खाडीला ते मिळत नसतील तेव्हा सुकट आणि अंडी आहेत. तरीही या हिमोग्लोबिनवर केवळ खाण्याने भागणार नाही, गोळ्या घ्याव्याच लागतील. दोन महिने नियमाने घेऊनही आकडा हलला नाही, तर जंत, थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा गुण किंवा अन्य कारण शोधायला हवे. पुढे तांबीमुळे रक्त जास्त जाऊ लागले, तर पाळीच्या पहिल्या दिवसांत जेवणानंतर आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेतल्याने कळा आणि रक्तस्राव दोन्ही कमी होतात. पाजणाऱ्या आईला ती चालते, मात्र दमा किंवा पोटात व्रण असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, गाठी पडत असतील किंवा चालताना धाप लागत असेल, तर ‘तांबीने होणारच’ असे म्हणून अंगावर काढू नका. सहा महिने उपचार करूनही रक्तस्राव कमी होत नसेल, तर तांबी काढून दुसरे साधन घेण्यात काहीच कमीपणा नाही.

रक्तस्राव वाढतो त्या महिन्यांत आपल्याकडच्या पावसात कापड वाळत नाही, हीही खरी अडचण आहे. ओलसर कापड वापरल्याने खाज आणि जंतुसंसर्ग होतो आणि दोष मात्र तांबीला मिळतो. या काही महिन्यांपुरते तरी पॅड वापरावेत.

लावणीचे उत्तर सोपे आहे. वाकल्याने, भाताच्या पेंढ्या किंवा पाण्याची कळशी उचलल्याने तांबी सरकत नाही, कारण ती गर्भाशयाच्या आत असते आणि पोटाच्या हालचालीचा ताण तिच्यापर्यंत तसा पोहोचत नाही. पण ज्या दिवशी बसवाल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी शेतावर जाऊ नका. कळा येऊ शकतात, थोडे रक्त दिसते, आणि कमी रक्त असलेल्या बाईला वाफ्यात उभे राहून भोवळ आली तर तेथे सावरायला कोणी जवळ नसते.

बसवण्याची क्रिया पाच-दहा मिनिटांची असते. डॉक्टर आधी पाळी, बाळंतपण, अंगावरून पांढरे जाणे, जुने आजार यांची माहिती विचारतात आणि मग आतून तपासतात. जंतुसंसर्ग, कारण न कळलेला रक्तस्राव, गर्भाशयाचा आकार बिघडवणाऱ्या गाठी, गर्भाशयमुखाचा कर्करोग किंवा जननमार्गाचा क्षयरोग असेल, तर तांबी बसवत नाहीत. तांब्याची ॲलर्जी आणि विल्सनचा आजार (ज्यात शरीरात तांबे साठत जाते) यांतही ती वर्ज्य आहे. दुर्गंधी स्राव किंवा ओटीपोटात दुखणे असेल तर ते लपवू नका, कारण आधीचा संसर्ग असताना तांबी बसवली तर तो वर गर्भाशयात आणि नळ्यांत पसरतो. तांबी बसवल्यानंतर संसर्गाचा जो थोडा वाढीव धोका असतो, तो पहिल्या तीन आठवड्यांतच असतो आणि त्याचे मूळ बहुधा हेच असते. सगळे ठीक असेल तर गर्भाशयमुख जंतुनाशकाने पुसून, बारीक सळईने गर्भाशयाची लांबी मोजून, नळीतून तांबी आत सोडतात आणि दोरे कापतात. भूल लागत नाही. मोजताना आणि सोडताना पाळीच्या कळेसारखी एक-दोन जोराच्या कळा येतात. काहींना क्षणभर गरगरते. उपाशीपोटी जाऊ नका, अर्धा तास आधी दुखण्यावरची गोळी घेऊ का, असे नर्सबाईंना विचारा, आणि झाल्यावर पंधरा-वीस मिनिटे तेथेच पडून राहा. सरकारी दवाखान्यात याला पैसे लागत नाहीत. निघण्यापूर्वी कार्ड मागून घ्या आणि त्यावर तारीख व तांबीचा प्रकार लिहिला आहे ना, हे वाचून पाहा : ३८० ए असेल तर १० वर्षे चालते, ३७५ असेल तर ५ वर्षे. बसवल्याचे वर्ष विसरून मुदत उलटल्यावरही तांबी तशीच ठेवलेल्या स्त्रिया मला नेहमी भेटतात, म्हणून ही तारीख मुलीच्या लसीकरणाच्या कार्डावरही लिहून ठेवावी.

पुढे मूल राहत नाही, ही सासूबाईंची शंका आता घेते. तांबी काढल्यावर गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते, अगदी पुढच्याच पाळीपासून दिवस राहू शकतात. म्हणून ज्यांना आणखी मूल हवे आहे त्यांच्यासाठीच खरे तर हे साधन आहे. हे सासूबाईंना तुम्ही आवर्जून सांगा. दोन बाळंतपणांत अंतर ठेवण्याचा फायदा पुढच्या बाळालाही होतो. मूल झाल्यावर किमान दोन वर्षे पुढचा गर्भ राहू देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. नातू होणार की नात, हे मात्र तुमच्या हाती नाही, ते पुरुषबीजावर ठरते, आणि हे ऐकवण्याची वेळ आली तर भांडणाच्या सुरात न ऐकवता सांगावे.

त्यांच्या भीतीला मी हसणार नाही, कारण ती कोठून आली हे मला ठाऊक आहे. तांबीच्या आधी आपल्या देशात १९६५ पासून लिप्स लूप नावाचे प्लास्टिकचे वेटोळे बसवले जात असे. ते पुष्कळ ठिकाणी घाईघाईने, पुरती तपासणी न करता बसवले गेले आणि नंतर बाईचे काय झाले, हे विचारायला कोणी आले नाही. रक्तस्राव झाला, वेटोळी निसटली, आणि त्या बायकांचे अनुभव घरोघरच्या माजघरांत सांगितले गेले. सासूबाईंच्या आईच्या पिढीने ते पाहिले आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतही एका साधनाच्या गुंफलेल्या दोऱ्यातून जंतू वर चढत असल्याचे आढळल्यावर ते बाजारातून काढावे लागले होते. आजच्या तांबीचे दोरे प्रत्येकी एकाच तंतूचे आणि गुळगुळीत असतात. तुम्ही सासूबाईंना एकदा आरोग्य केंद्रात बरोबर घेऊन जा आणि नर्सबाईंना तांबी हातात देऊन दाखवायला सांगा. माझा अनुभव असा आहे की वस्तू प्रत्यक्ष पाहिल्यावर बोलणे बरेच सुकर होते. या विषयावर बोलायला आपल्या भागातील स्त्रीने संकोचू नये, असेही मला मनापासून वाटते. संततिनियमनाचे केंद्र १९२१ मध्ये मुंबईत सुरू करणारे र. धों. कर्वे तुमच्याच तालुक्यातील मुरुडचे. ज्या काळात हा शब्द उच्चारणेही अशिष्ट मानले जाई, त्या काळात त्यांनी त्यासाठी नोकरी गमावली.

घरी न सांगता बसवता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. बसवता येईल. तुम्ही सज्ञान आहात. तांबीसाठी तुमची संमती पुरते, नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही, आणि ती मागणाऱ्या कर्मचाऱ्याला तुम्ही तसे सांगू शकता. ती काढून घेण्याचाही अधिकार तुमचाच आहे आणि त्यासाठी कारण सांगावे लागत नाही. तरी माझे वैयक्तिक मत विचाराल तर यजमानांना सांगावे, कारण दोरे त्यांना कधी जाणवू शकतात, पहिल्या महिन्यांत रक्तस्राव जास्त होईल तेव्हा घरी आधार लागेल, आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात जावे लागलेच तर बरोबरच्या माणसाला तांबी आहे हे माहीत असणे तुमच्या जिवासाठी आवश्यक आहे. फोनवर सांगा, ते घरी येण्याची वाट पाहू नका. ‘मूल नको’ असे न म्हणता ‘तीन वर्षे थांबू’ असे म्हणा, कारण तुमच्या मनातही तेच आहे. दोरे टोचतात अशी तक्रार त्यांनी केली तर ते काही आठवड्यांत मऊ होतात, नाहीतर डॉक्टर थोडे छाटून देतात. सांगितल्यामुळे मारहाण किंवा छळ होण्याचे भय असेल, तर मात्र सांगू नका. किमान आशाताईंना किंवा माहेरच्या एका विश्वासाच्या व्यक्तीला माहीत असू द्या. यजमानांनी नुसता नकार दिला, तरी शरीर तुमचे आहे आणि निर्णय तुम्हीच घ्यायचा आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

एक गोष्ट लिहिणे अवघड आहे, पण लिहिलीच पाहिजे. तांबी गर्भ टाळते, आजार टाळत नाही. एचआयव्ही आणि लैंगिक संसर्गजन्य आजार यांपासून निरोधच वाचवतो. यजमान महिनोन्महिने दूर राहतात म्हणून त्यांच्यावर संशय घ्यावा, असे मला सुचवायचे नाही. परंतु ते आल्यानंतर कधी दुर्गंधी स्राव, जखम किंवा लघवीला जळजळ झाली, तर दोघांनीही तपासून घ्यावे आणि उपचारही दोघांनी घ्यावेत.

तपासणीत तांबी योग्य नाही असे ठरले, तरी वाट बंद होत नाही. ‘छाया’ ही हॉर्मोन नसलेली गोळी सरकारी दवाखान्यात मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी घ्यायची असते, पाजणाऱ्या आईलाही चालते, मात्र वार चुकवून चालत नाही. ‘अंतरा’ इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा असते, पण त्यात हॉर्मोन आहे. स्त्रीची शस्त्रक्रिया मी तुम्हाला आज सुचवणार नाही, कारण ज्या निर्णयाबद्दल घरात आणि मनातही अजून एकमत नाही, तो कायमचा घेऊ नये. आणि ज्या वाचक भगिनींचे बाळंतपण जवळ आले आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे, की प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत, रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच, तांबी बसवून घेता येते. ती निसटण्याचे प्रमाण थोडे जास्त असते, पण पुन्हा दवाखान्यात येण्याची पायपीट वाचते. संरक्षणाविना संबंध आलाच असेल, तर पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबीही गर्भ टाळण्याचे काम करते.

तुमच्यापुरते दिवसांचे गणित असे मांडते. उद्या चाचणी करा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन तपासणी करून घ्या, लोहाच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू करा. पाळी आलेली नसली तरी गर्भ नसल्याची खात्री झाल्यावर तांबी कोणत्याही दिवशी बसवता येते आणि ती त्याच क्षणापासून काम करू लागते. एक महिन्यानंतर तपासणीला बोलावतील, तेव्हा दोरे जागेवर आहेत का हे डॉक्टर पाहतील आणि स्वतः कसे चाचपायचे तेही तुम्हाला शिकवतील. म्हणजे ही तपासणी गणपतीच्या आधी होऊन जाईल. मधल्या काळात ताप, ओटीपोटात सतत दुखणे, दुर्गंधी स्राव किंवा न थांबणारे रक्त यांपैकी काहीही झाले, तर महिना संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी जावे. तिसऱ्या महिन्यात पुन्हा जाल तेव्हा हिमोग्लोबिन तपासायला सांगा, आणि जो आकडा येईल तो मला जरूर कळवा.